नाव न लिहिणाऱ्या अत्तार सिस्टर

अत्तार सिस्टर मला कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला गेली कित्येक वर्षं वाटत आलं आहे.

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून मी पुण्यात आले होते आणि हॉस्टेलवर राहत होते. शहरात जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, जुने बंगले पडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे भाऊ नाहीतर चुलतभाऊ 'सॉफ्टवेअरमध्ये' होते. आमच्या संस्थेने त्या वर्षी 'हिपॅटायटिस बी'बद्दल वस्त्यांमध्ये जाऊन माहिती देण्याचा एक उपक्रम घेतला होता. त्यासाठी विद्यार्थिनींना तयार करायला बाहेरून कोणीतरी हवं होतं. अत्तार सिस्टर सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर घेतलं.

ठेंगणी मूर्ती, पांढरी कॉटनची साडी, कोपरापर्यंतचा ब्लाऊज आणि खांद्याला जाड कापडाची पिशवी. घर कसबा पेठेत. चार-पाच पिढ्या तिथेच गेलेल्या. आजोबांचं अत्तराचं दुकान होतं, ते वडिलांच्या वेळी बंद झालं. लग्न केलं नव्हतं, धाकट्या बहिणीबरोबर राहत. मराठी इतकं स्वच्छ की आमच्यातल्या पुण्याच्या मुलीसुद्धा त्यांच्यासमोर बोलताना सांभाळून बोलत. विद्यार्थिनींनाही त्या 'अहो' म्हणत. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. पुढे कळलं की त्या 'अहो'ची धार लागते.

पहिल्या दिवशी मी वर्गापुढे उभी राहून पाठ केलेलं भाषण म्हटलं. विषाणू, यकृत, संक्रमण, प्रतिबंध. सगळं बिनचूक. सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता हे आपल्या शिपायाच्या बायकोला सांगून या. त्या खाली भांडी घासतायत. आणि त्यांना काय कळलं ते मला येऊन सांगा. तुम्ही काय बोललात ते नको."

मी गेले, दहा मिनिटं बोलले आणि परत आले. शिपायाच्या बायकोला एवढंच कळलं होतं की मला कावीळ झाली आहे आणि मी परीक्षेला बसू शकत नाही.

त्यानंतर सिस्टरांनी आम्हाला महिनाभर एकही तक्ता हातात धरू दिला नाही. त्यांचं म्हणणं असं की माणसाला आजार समजावू नका, त्याचा स्वतःचा दिवस समजावा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत एकाचं रक्त दुसऱ्याला कुठे लागू शकतं, ते त्याच्याकडूनच काढून घ्या. न्हाव्याचा वस्तरा. जत्रेत गोंदणाऱ्याची सुई. गल्लीतल्या डॉक्टरची उकळून घेतली असं तो म्हणतो ती सुई. नवरा-बायको. बाळंतपण. आणि मग कशाने होत नाही, ते तितकाच वेळ घेऊन सांगा. एका ताटात जेवण्याने नाही. हात धरण्याने नाही. बाळाचा पापा घेण्याने नाही. "लोक आजाराने मरतात त्याच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांनी मरतात," असं त्या म्हणत, आणि लगेच घड्याळाकडे बघत, जणू काही विशेष बोलल्याच नाहीत.

कसब्यातल्या गल्ल्यांत आम्ही त्यांच्यामागून चालायचो. एका सलूनचा मालक एके दिवशी आम्हाला पाहून कात्री टाकून बाहेरच आला. हातात लॅबचा कागद. त्या काळी लॅबवाले या तपासणीला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणत. त्याच्या कागदावर तेच लिहिलं होतं आणि पुढे 'पॉझिटिव्ह'.

"मुलींना बाहेर थांबवू का?" सिस्टरांनी आधी विचारलं.

"असू द्या. सगळ्या गल्लीला कळलंय," तो म्हणाला. "सिस्टर, मी हडपसरच्या पुढे कधी गेलो नाही हो. मला ऑस्ट्रेलिया कुठून लागला?"

आम्ही ओठ दाबून धरले. सिस्टरांनी दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. 'न्यू पॅरिस हेअर कटिंग सलून'.

"तुम्ही पॅरिसला गेला होतात का?"

"नाही."

"तसंच आहे हे. पहिल्यांदा तिकडच्या एका माणसाच्या रक्तात सापडलं, म्हणून नाव पडलं. चला, आत बसून बोलू."

तासभर त्या आत होत्या. त्या दिवसापासून त्या दुकानात दर गिऱ्हाईकाला नवं पातं लागू लागलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या गल्लीतल्या बाकीच्या दुकानांतही. सिस्टरांनी कोणालाही उपदेश केला नाही. त्या न्हाव्यालाच त्यांनी इतरांकडे नेलं.

त्यांच्याजवळ एक छोटी वही असायची. तीत त्या पेन्सिलीने नोंदी करत, पण एकाही माणसाचं नाव लिहीत नसत. 'निळा दरवाजा, दुसरा डोस बाकी.' 'दोन बकऱ्या, सून गरोदर, सातवा महिना.' एकदा मी विचारलं की पावसात वही भिजली तर काय करणार. त्या म्हणाल्या, "भिजली तर नवी करीन. कोणाच्या हातात पडली तर काय करू?"

येरवड्याला एका वस्तीत आम्ही नेहमी जात असू. तिथल्या एका सुनेला बाळंतपणाच्या आधीच्या तपासणीत हा विषाणू निघाला होता. बाळाला जन्मल्याबरोबर लस मिळाली होती, ते सिस्टरांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. पण घरात सुनेचं ताट वेगळं झालं. खिडकीच्या कट्ट्यावर ते एकटं पालथं घातलेलं असे. एके दिवशी सिस्टरांनी सासूला सांगितलं, "आज आम्ही तुमच्याकडे जेवणार. भाकरी आणि जे असेल ते." सासूबाईंनी लगबग केली. सिस्टर उठल्या, कट्ट्यावरचं ताट घेतलं, त्यात आपली भाकरी वाढून घेतली आणि सुनेला बोलावलं, "या, आपण दोघी बसू." दोघी एका ताटात जेवल्या. आम्हा मुलींना त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त सरकून जागा केली.

माझी एक मैत्रीण बसली. मी म्हणाले, "माझी आज चतुर्थी आहे."

परत येताना बसस्टॉपवर सिस्टर माझ्याशेजारी उभ्या होत्या. "आज कुठली चतुर्थी होती?" त्यांनी सहज विचारलं.

मी बस येतेय का ते बघू लागले.

"घाबरलात, ते चालतं. मीसुद्धा पहिल्यांदा घाबरले होते. पण त्यात देवाला कशाला मध्ये आणलंत?"

एवढंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी मलाच परत त्या घरी पाठवलं, आणि मी जेवले. त्यांनी मला घडवलं ते असं. म्हणूनच पुढचं सांगताना मला सबब सापडत नाही. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

येरवड्याच्या पुढे एका नव्या काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरची कंपनी होती. त्यांना आपल्या लोकांसाठी तपासणी आणि लसीकरणाचं शिबिर हवं होतं. संस्थेला ते फार मोलाचं वाटलं. सिस्टरांनी मात्र एक अट घातली की रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याच्या हातात जाईल, कंपनीला काहीही कळवलं जाणार नाही. कंपनीने मान्य केलं.

शिबिराच्या आधी सिस्टरांनी तिथे व्याख्यान दिलं. 'व्हायरस' म्हटल्याबरोबर पोरं हसली. मागून एकाने विचारलं, "मॅडम, अँटिव्हायरस कुठला टाकायचा?"

"तीन डोसांचा," सिस्टर म्हणाल्या. "आणि हा एकदाच टाकायचा असतो. तुमच्या अँटिव्हायरससारखा दरवर्षी विकत घ्यायला लागत नाही."

त्यानंतर त्यांनी तास त्या पोरांच्याच भाषेत घेतला. सगळी पोरं ऐकत होती.

रजिस्टर माझ्याकडे होतं. नाव आणि त्यापुढे नंबर. लॅबला फक्त नंबर जाणार होता. रिपोर्ट आले तेव्हा सगळ्यांत मिळून एकच पॉझिटिव्ह होता. मी रजिस्टर सिस्टरांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते पेटीत कुलूप लावून ठेवलं. पण नावं मीच लिहिली होती. त्या नंबराचा मुलगा मला लख्ख आठवत होता.

त्याचं नाव मी इथे प्रवीण लिहिते. खरं नाव ते नाही. यवतमाळकडचा होता, जेमतेम चोवीस वर्षांचा, कंपनीत सहा महिन्यांच्या चाचणीवर होता, धायरीला चौघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचा. पाकीट द्यायला सिस्टरांनी त्याला आमच्या कॉलेजात बोलावलं आणि शिकण्यासाठी, त्याला विचारून, मला शेजारी बसवलं.

त्याने कागद वाचला आणि घडी घातली. पुन्हा उघडला.

"आता मरतो का मी?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "विषाणू अंगात आहे. लिव्हर सध्या शांत आहे. दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं. दारूला हात लावायचा नाही. दाढीचं सामान आपलं आपलं. नोकरी करायची, लग्न करायचं. होणाऱ्या बायकोला आधी सांगायचं आणि लस द्यायची. एवढंच."

"घरी सांगावं लागते का?"

"घरी कोण कोण आहे?"

"आई आहे. अन् बहीण."

"मग त्यांचीही तपासणी करून घेऊ. मी सांगते कशी ते. ऑफिसात कोणाला सांगायची गरज नाही. आम्ही सांगणार नाही."

'आम्ही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

चार दिवसांनी लसीचा पुढचा हिशेब ठरवायला मी एकटी कंपनीत गेले. तिथल्या मनुष्यबळ विभागाच्या एक मॅडम होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी मला कँटीनमध्ये नेलं. बटण दाबल्यावर कॉफी येणारं यंत्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या माझ्याशी फार छान बोलल्या. माझं गाव कुठलं, वडील काय करतात, पुढे काय करणार. म्हणाल्या, कंपनीत एक प्रथमोपचाराची खोली करतोय, तिथे एक हुशार नर्स लागणार आहे, तुझ्यासारखी.

मग म्हणाल्या, "कोणी पॉझिटिव्ह निघालं का ग? आम्हाला फक्त काळजी घ्यायची आहे. त्याला रजा द्यावी लागेल, काम हलकं करावं लागेल. माहितीच नसेल तर काय करणार?"

मी म्हणाले की आम्हाला सांगता येत नाही.

"बरोबर आहे. सांगू नकोस. मी विचारते, तू नुसतं हो-नाही म्हण. नवीन बॅचमधला आहे?"

मी हो म्हणाले.

त्यानंतर तीन प्रश्नांत नाव निघालं. ते माझ्या तोंडून आलं नाही, त्यांच्या तोंडून आलं, आणि मी मान हलवली. सिस्टरांसमोर हलवली होती तशीच. परत येताना बसमध्ये मी स्वतःला सांगत होते की त्याच्या भल्याचंच झालं.

तीन आठवड्यांनी प्रवीण कॉलेजच्या दारात उभा होता. त्याची चाचणी 'समाधानकारक नाही' म्हणून त्याला काढलं होतं. ऑफिसात कुजबुज झाली होती, ती धायरीच्या फ्लॅटपर्यंत पोचली होती, आणि पोरांनी त्याची गादी आणि भांडी बाहेरच्या गॅलरीत ठेवली होती. सिस्टर वर्ग घेत होत्या. तो आत आला नाही, दारातूनच बोलला.

"मॅडम, तुम्ही सांगितलं का हो?"

सिस्टरांच्या हातात खडू होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. पहिल्या बाकावर मी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुमचं नाव आमच्याकडून गेलं," त्या म्हणाल्या. "सांभाळायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

तो वळून निघाला. सिस्टर वर्ग तसाच टाकून त्याच्यामागून गेल्या. त्या संध्याकाळी त्यांनी धायरीहून त्याचं सामान टेंपोत घातलं आणि ओळखीच्या एका घरी त्याची सोय केली, हे मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्यांकडून कळलं.

प्रवीणने संस्थेला पत्र लिहिलं. बैठक झाली. सिस्टर आत होत्या, शिबिरात काम केलेल्या आम्हा चौघींना एकेक करून बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा टेबलापलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "रजिस्टर तुम्ही लिहिलं होतं. कंपनीत कोणाशी काही बोलणं झालं?"

सिस्टर बाजूच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले.

"रजिस्टरची किल्ली माझ्याकडे होती," सिस्टर म्हणाल्या. "जबाबदारी माझी. मुलींना जाऊ द्या."

त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी आमच्या वस्त्यांची माहिती पुढच्या बाईंना समजावून दिली, कोणत्या बाळाचा कुठला डोस कधी आहे ते तोंडी, एकदाही न अडखळता, आणि चालत घरी गेल्या.

मी परीक्षा पास झाले. आणि ती प्रथमोपचाराची खोली घेतली. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. मी तिथे दीड वर्षं होते. पोरं डोकेदुखीची गोळी मागायला येत आणि मी देई. ज्या मॅडमनी मला कॉफी पाजली होती त्या सहा महिन्यांतच दुसऱ्या कंपनीत गेल्या. जाताना माझ्याशी हसून बोलल्या. त्यांना त्या दिवसाचं काहीही आठवत नव्हतं.

पुढे मी एम.एससी. केलं, शिकवायला लागले. मीही मुलींना वस्तीत नेते. मीही पहिला महिना तक्ता धरू देत नाही. मुली म्हणतात, मॅडमची पद्धत वेगळी आहे. मी ती कोणाची आहे ते सांगते, पण तिथपर्यंतच सांगते.

एका दुपारी शेवटी मी कसब्यात गेले. मध्ये चौदा-पंधरा वर्षं गेली होती. सिस्टर मेथी निवडत बसल्या होत्या. गुडघे दुखत होते, पण आवाज तोच.

"या. चहा घेणार की घाई आहे?"

मी बसले आणि सगळं सांगितलं. कँटीन, तीन प्रश्न, मान हलवणं, 'नाही' म्हणणं, ती नोकरी. त्यांचे हात थांबले नाहीत. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी बहिणीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

"सिस्टर, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"नावं लिहिणाऱ्या तुम्ही आणि कुलूप लावणारी मी. मी सांगितलं नव्हतं. त्यात कळायचं काय?"

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी एक जुडी बाजूला ठेवली. "तुम्हाला कॉलेजातून काढलं असतं. एक नर्स कमी झाली असती. हे एक." मग म्हणाल्या, "दुसरं म्हणजे मला वाटलं होतं, तुम्ही स्वतः उठाल. त्या बैठकीत मी तुमच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तुम्ही माझ्या धाकाने बोलला असता. मग वाटलं, उद्या येतील. महिनाभर रोज वाटलं. नंतर मी वाट बघायचं सोडून दिलं."

मी म्हणाले, "मला माफ करा."

"माझी माफी कशाला मागताय? माझं सहा महिन्यांचं कंत्राट गेलं. त्या रजिस्टरमध्ये माझं नाव नव्हतं."

प्रवीण त्यांच्या संपर्कात होता. इतकी वर्षं दर सहा महिन्यांनी त्या त्याला तपासणीची आठवण करून देत होत्या. मी त्याचा पत्ता मागितला, निदान फोन नंबर.

"नाही. आधी त्यांना विचारते. हो म्हणाले तर तुम्हाला कळवते."

आठ दिवसांनी फोन आला. "विचारलं. नको म्हणाले."

"काही बोलले का?"

"नको म्हणाले."

"सिस्टर, बरे आहेत ना ते? एवढं तरी सांगा."

"ते तुम्हाला सांगायची परवानगी त्यांनी मला दिलेली नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात, "जेवलात का?" मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मी रिक्षातून मंगळवार पेठेतून चालले होते. एका प्रसूतिगृहाच्या दारात गर्दी होती आणि पायऱ्यांखाली सिस्टर उभ्या होत्या, हातात काठी. दारावरचा गार्ड त्यांना आत सोडत नव्हता. मी रिक्षा थांबवायला सांगितली. सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या, म्हणून पलीकडचं बोलणं ऐकू येत होतं.

"भेटायची वेळ चारची आहे, आजी," गार्ड म्हणत होता.

"मी भेटायला आलेले नाही. सकाळी सातला एक बाळ झालंय. त्याला एक इंजेक्शन चोवीस तासांच्या आत मिळायला हवं. वर कोणाच्या लक्षात आहे की नाही, ते बघायला आलेय."

"नातेवाईक आहे का?"

"नाही."

"मग पेशंटचं नाव सांगा."

"नाव तुम्हाला कशाला? वरच्या सिस्टरना खाली बोलवा. त्यांना सांगते."

मला तिथे सगळे ओळखत होते. माझ्या विद्यार्थिनी तिथेच कामाला होत्या. मी नुसतं पुढे झाले असते तरी गार्ड बाजूला झाला असता. मी रिक्षातून उतरले, पण सिग्नल सुटला होता आणि मध्ये रस्ता वाहत होता, एकामागून एक गाड्या. रस्ता ओलांडून मी पोचले तेव्हा गार्ड दार धरून उभा होता आणि सिस्टर कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. मी हाक मारली नाही. वर पोचून त्या आत वळल्या, आणि मी खालीच उभी राहिले.